एकोणीस तारखेच्या आत राउटर

५ जानेवारी, सोमवार

दोन महिने हे चाललंय, पण आज तीनदा. सँपल चालू असताना कॉल तीनदा तुटला. तिसऱ्या वेळी मी इकडे कोसाडच्या घरात "थांबव बिपिन, थांबव!" म्हणून बोंबलतेय, आणि तिकडे इच्छापोरच्या युनिटमध्ये भरतकामाचं मशीन आपलं खडखडतंय. लेहंग्याचं जाळीचं कापड, टाके दाट पडले की फाटतंच. फाटलं. अख्खा पॅनल गेला.

फाइल पाठवली म्हणजे माझं काम संपत नाही ना. डिझाइन पंच करायचं, म्हणजे चित्राची मशीनला कळेल अशी टाक्यांची फाइल करायची, ती पाठवायची, मग पहिलं सँपल शिवून होईपर्यंत व्हिडिओवर डोळे लावून बसायचं. कुठे टाका दाट, कुठे दोरा ताणला, सगळं ऑपरेटरला, म्हणजे बिपिनला, सांगायचं. चित्रच गोठलं तर काय कपाळ सांगणार?

युनिटच्या मालकांचा, मनीषभाईंचा, फोन आलाच. आवाज चढवत नाही हा माणूस, त्याचीच जास्त भीती वाटते. "ज्योतिबेन, आम नहि चाले. ओगणीस तारीखे मोटी ट्रायल छे. एमां कट थयुं तो युनिट पर आवीने बेसो, नहि तो हुं बीजाने आपी दउं छुं."

म्हणजे १९ ला कॉल तुटला की १ फेब्रु.पासून रोज इच्छापोर, नाहीतर काम दुसऱ्याला. दोन वाहनं बदलून जायचं. लेक चिऊ शाळेतून साडेबाराला येते. सासऱ्यांना, नानांना, दाराची बेल ऐकू येत नाही. कसं जाणार?

लग्नानंतर दहा वर्षांत हे एकच काम माझ्या नावाचं. सोडणार नाही.

६ जानेवारी, मंगळवार

सुनीलला सांगितलं. (वहीत अरे-तुरे चालतं.) म्हणे नवा राउटर घेऊ. म्हटलं, आधी दुखणं तर कळू दे.

मग दिवसभर पाळत ठेवली. नाना मोबाइलवर कुस्त्या लावतात, चिऊ कार्टून, सु. घरी असला की क्रिकेट. तिघं एकदम बसले की माझा कॉल गोठतो. एकेकटे बसले तर नाही! लाइन बरी आहे. आमच्या राउटरला गर्दी आवरत नाही, आणि त्याच्या सेटिंगमध्ये गर्दी आवरायचं बटणच नाही. कंपनीने दिलंच नाही.

सोपा उपाय म्हणजे ट्रायलच्या वेळी सगळ्यांचं बंद ठेवायचं. पण सँपल रोज असतात. नानांना रोज कुस्ती बंद कर म्हणू? कॉलनीत त्यांच्या जोडीचा कोणी उरला नाही, त्या कुस्त्या हीच त्यांची सोबत.

८ जानेवारी, गुरुवार

सापडलं! एका फोरमवर. राउटरच्या आतला कंपनीचा प्रोग्रॅम काढून दुसरा घालता येतो. खुला, फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. त्यात रांग लावायची सोय आहे. लाइनचा वेग खऱ्यापेक्षा जरा कमी सांगायचा, मग गर्दी राउटरच्या दारातच उभी राहते आणि ज्याचं थोडकं काम त्याला पुढे सोडतात. आपल्या कॉलनीत टँकर आला की तांब्यावाल्या बाईला पुढे सोडतात, पिंपवाले मागे. तस्संच.

तीनदा वाचलं. बारावी सायन्सचं इंग्रजी अजून गंजलेलं नाही म्हणायचं.

९ जानेवारी, शुक्रवार

आपल्या मॉडेलला ते चालतं. पण मॉडेलची आवृत्ती बरोबर पाहिजे, चुकीची फाइल घातली की राउटर मेला. आवृत्ती राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असते.

उलटा केला. स्टिकरवर हळदीकुंकवाचा हा जाड थर! दसऱ्याला नाना घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करतात. मिक्सर, इस्त्री, माझा लॅपटॉप. राउटरचं तोंड सोडून पोटाला कुंकू का, विचारलं तर म्हणाले, समोर दिव्यांना लागायला नको. बरोबरच आहे म्हणा. ओल्या फडक्याने पुसलं तर कुंकवाबरोबर आकडाही निघून आला.

मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात सापडला. दोनदा कागदावर लिहिला, फाइलच्या नावाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. रविवारी करते. मूळ कंपनीची फाइलही उतरवून ठेवली, असू दे.

सु. : "हात दाखवून अवलक्षण करू नको."
मी : "हात माझा आहे."

११ जानेवारी, रविवार

मेला. राउटर मेला.

सकाळी दहाला सुरू केलं. फाइल दिली, "करू का" विचारलं, हो म्हटलं. पट्टी पुढे सरकायला लागली, दिवा केशरी होऊन भराभर फडफडायला लागला. फोरमवर लिहिलंच होतं, असा फडफडणार, चार-पाच मिनिटं हात लावू नका, वीज जाऊ देऊ नका. मी श्वास धरून बसलेले. तेवढ्यात दूधवाल्याने हाक मारली. दारापर्यंत गेले आणि आले, बस्स.

आत येते तर नाना स्विचबोर्डापाशी. बटण बंद.

"तो दिवा फडफड करी ऱ्हायंता. माले वाटनं जळी जाई. म्हनीसनी बंद करी टाकं."

पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मास्टर होते. धागा तुटला की आधी मशीन बंद, मग बघायचं काय झालं. एक सेकंद उशीर झाला तर हातभर कापड वाया. डोकं विचार करायच्या आत हात बटणावर जातो. खात्यात याच हाताचं नाव होतं म्हणे.

आणि मी काय बोलले? "खात्यातून घरी आलात तरी अक्कल तिथेच ठेवून आलात का!" सासऱ्यांना. मोठ्याने. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून नेहमी मोठ्याने बोलते, पण हे तसं नव्हतं.

राउटर चालू केला. एक दिवा लागतो, एकदा लुकलुकतो, मग नुसता जळत राहतो. पान उघडत नाही, वायफाय नाही, काही नाही.

नाना जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी चहा घेऊन गेले. म्हटलं, "नाना, चुकलं माझं. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं ना, हात लावायचा नाही म्हणून." खरंच सांगितलं नव्हतं. घरातल्या मशीनवर काम काढलं आणि घरातल्या मास्टरला सांगितलं नाही. चूक माझीच जास्त.

त्यांनी चहा बशीत ओतला आणि राउटरकडे बोट केलं. मग, "हाऊ मरी गया का?"

"अजून नाही," म्हटलं. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

मोबाइलच्या नेटवर काम चालू. दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपतो. बिपिनला सांगितलंय, छोटीच सँपलं लाव. बाजारात राउटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले होते. त्याने हातात घेऊन वजन बघितल्यासारखं केलं, "भंगार मां" म्हणाला, आणि उत्तरायणचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस दुकान बंद म्हणाला.

भंगार तुझा बाप.

१३ जानेवारी, मंगळवार

फोरमवर विचारलं. इंग्रजी जमेल तसं. कुठल्या देशातला कोण जाणे, एकाने तासात उत्तर दिलं: मेलेला नाही. चालू होताना एक-दोन सेकंद तो तारेतून कोणी फाइल देतंय का बघतो. तेवढ्यात लॅपटॉपवरून मूळ फाइल ढकलायची. दिवा एकदा लुकलुकतो ना, तोच क्षण.

रडू आलं मला. अनोळखी माणूस.

तार जोडली, आज्ञा टाइप करून ठेवली, फक्त एंटर दाबायचं. पण तार आखूड. राउटर फळीवर वर, लॅपटॉप खाली स्टुलावर, बोर्ड दारापाशी. बटण दाबायचं, पळत यायचं, दिवा बघायचा, एंटर. प्रत्येक वेळी उशीर. किती वेळा केलं ते मोजायचं सोडलं. पायात गोळे आले.

संध्याकाळी पुन्हा उत्तरं वाचली. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेव, नाहीतर फाइल भलतीकडे जाते. आणि फायरवॉल बंद कर. दोन्ही चालूच होतं! म्हणजे दिवसभराची पळापळ पालथ्या घड्यावर पाणी.

सु. घरी आला, राउटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शहाण्यासारखा हातपाय धुवायला गेला.

१४ जानेवारी, बुधवार. उत्तरायण

चालू झाला!! चालू झाला चालू झाला.

नीट लिहिते.

सु. आणि चिऊ सकाळपासून गच्चीवर. सगळी कॉलनीच गच्चीवर, स्पीकर, आरडाओरडा. मी खाली, वायफाय बंद, फायरवॉल बंद, पुन्हा पळापळ. बटणापासून स्टुलापर्यंत तीन पावलं, पण त्या तीन पावलांतच तो क्षण जातो.

नाना दारात उभे राहून बघत होते. कालही बघत होते, आत्ता लक्षात येतंय. बोलावं की नाही अशा बेताने म्हणाले, "पोरी, माले सांग, काय करनं शे ते."

सांगितलं. बटण दाबा, दिवा बघा, एकदा लुकलुकला की मला ओरडून सांगा.

"वरडानं नही," म्हणाले. खात्यात कोणी ओरडत नाही, कोणाला ऐकूच येत नाही. तिथे सगळं हाताने चालतं. मला म्हणाले, तू दिव्याकडे बघू नको, लॅपटॉपकडे तर नाहीच नाही. बोट एंटरवर ठेव आणि माझ्या मुठीकडे बघ. मूठ उघडली की दाब.

उजवा हात बोर्डाच्या बटणावर, डावा वर, मूठ बंद, डोळे फळीवर. असं उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. पाठ ताठ. सत्तर वर्षांचा माणूस चाळिशीतला दिसायला लागला.

पहिल्या वेळी माझंच बोट उशिरा. दुसऱ्या वेळी लवकर, मी अंदाजाने दाबलं. नानांनी नुसती मान हलवली, रागावून नाही. "मुठकडे देख. डोकामा काही आनू नको."

तिसऱ्या वेळी मूठ उघडली आणि बोट आपोआप खाली गेलं. मी दाबलं असं म्हणताच येणार नाही.

स्क्रीनवर ओळ आली. फाइल गेली. पूर्ण गेली!

मग थांबायचं. पाच मिनिटं. दिवा फडफडायला लागला. तोच केशरी, रविवारचा. मी नानांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलेलं, बोटं पांढरी झालेली. डोळे दिव्यावर. पाच मिनिटं तो माणूस पस्तीस वर्षांची सवय आवरून उभा होता.

दिवा हिरवा झाला. मग दुसरा. मग सगळे. वर गच्चीवर कोणाचा तरी पतंग कापला, "काप्यो छेऽऽ!" म्हणून अख्खी कॉलनी ओरडली. मला वाटलं आमच्यासाठीच ओरडले. मीही ओरडले. नानांना ते ऐकू आलं, कारण हसले.

पाया पडले त्यांच्या. म्हणाले, "आते जेवाले वाढ."

उंधियू शेजारच्या बेनने पाठवलं होतं. नानांनी दोनदा घेतलं.

१५ जानेवारी, गुरुवार. वासी उत्तरायण, सणाचा दुसरा दिवस

आज पुन्हा तीच उडी. मूळ प्रोग्रॅम परत आला म्हणजे आपण जिथे होतो तिथेच आलो. खुला प्रोग्रॅम घालायचा बाकीच. सु. म्हणाला, "आता चालतोय ना? नको परत." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पण १९ तारीख काही हलणार नाही.

यावेळी पहिलं काम, नानांना सगळं सांगितलं. किती मिनिटं, कुठला दिवा, काय झालं तर भ्यायचं, काय झालं तर नाही. त्यांनी ऐकलं, खुर्ची ओढली आणि बोर्डासमोर ठाण मांडून बसले. "आते कोनी हात लावाना नही."

आणि सुनीलराव अर्ध्यात आलेच, मोबाइल चार्जिंगला लावायला! हात बोर्डाकडे जातोय तोच नानांनी असा आवाज काढला की सु. चार पावलं मागे. चाळिशीच्या मुलाला बापाचा असा धाक बघून चिऊ हसून लोळली.

चार मिनिटं. दिवा हिरवा. नवं पान उघडलं, साधं, कोणाची जाहिरात नाही, आणि डावीकडे ही लांबलचक यादी. आपल्या राउटरमध्ये एवढं सगळं होतं? आणि आम्हाला चार बटणं देऊन बसवलं होतं!

दुपारी गच्चीवर सु. शेजाऱ्यांना सांगत होता, "आम्ही राउटरचं अख्खं इंजिन बदललं." आम्ही!

१७ जानेवारी, शनिवार

काल दिवसभर रांग लावण्यात गेला. लाइनचा वेग मोजायचा, त्यातून थोडा कमी करायचा, चालवून बघायचं, परत. पहिल्यांदा फार कमी केला, नानांची कुस्ती धूसर झाली, लगेच तक्रार. वाढवला. आता जमलंय.

आज परीक्षा घेतली. सगळ्यांना हुकूम: लावा. नाना कुस्ती, चिऊ कार्टून, सु. क्रिकेट, माझ्या जुन्या मोबाइलवर उगाच एक मोठी फाइल वर चढवायला. आणि मी बिपिनला व्हिडिओ लावला. पंचेचाळीस मिनिटं. त्याच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती. सुई वर-खाली होताना दिसत होती, एक-एक टाका!

बिपिन : "दीदी, आज तो एकदम साफ है. नया लिया क्या?"
मी : "नहीं. वही है. जबान बदल दी उसकी."

एवढा आनंद मला माझ्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. पानावर एक आलेखही दिसतो, आपली लाइन क्षणाक्षणाला कशी चाललीय त्याचा. सरळ, शांत. बघतच राहावंसं वाटतं.

१९ जानेवारी, सोमवार

ट्रायल.

अकराला सुरू. नानांनी आपणहून मोबाइल बंद केला होता, मी परत लावून दिला. बघा म्हटलं, आज बघायचंच. मनीषभाई युनिटमध्ये मशीनपाशी उभे, सोबत व्यापारी. बिपिनला आधीच बजावलेलं: चित्र गोठलं की माझी वाट बघायची नाही, त्या क्षणी मशीन बंद.

पहिला तास लोण्यासारखा. दोनदा थांबवलं, फाइल सुधारून पाठवली, पुढे.

मग चित्र गोठलं.

सगळं संपलं असं वाटलं. त्याच क्षणी आलेखाचं पान उघडलं. आमची लाइन सरळ. एक खड्डा नाही. पलीकडची खोली बघितली, नानांची कुस्ती मस्त चाललेली. मग म्हटलं थांब, हे आपलं नाहीच!

साधा फोन लावला. बिपिनने मशीन बंद केलं होतं, शहाणा. म्हटलं, तुमचं नेट बघ. "दीदी, ऑफिस में कैटलॉग का वीडियो चढ़ा रहे हैं." म्हणजे युनिटच्या वायफायवरची गर्दी. दुखणं तेच, जागा त्यांची! गेले दोन महिने फाटलेले सगळे तुकडे माझ्या नावावर घातले, त्यातले किती त्यांचे होते देव जाणे. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण माझं.

बिपिनला त्याच्या मोबाइलच्या नेटवर घेतलं. राहिलेला तास तसाच. पॅनल निघाला. एक भोक नाही, एक दोरा सुटलेला नाही. व्यापाऱ्याने उन्हात धरून बघितला आणि मान डोलावली, मला इकडून दिसलं.

मनीषभाईंना आलेखाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "कट तमारी बाजु थयुं, भाई." पाठवून झाल्यावर घाम फुटला. मालकाला असं लिहितात का? पण लिहिलं ते लिहिलं, आणि खरं लिहिलं.

नाना म्हणतात, बरं केलं.

२१ जानेवारी, बुधवार

फोन आला सकाळी. मनीषभाई, आवाज गुळाचा. काल युनिटमध्ये आणखी दोन सँपलं गोठली म्हणे, दुसऱ्या डिझायनरची. "ज्योतिबेन, तमे जे नाख्युं ए अमारा राउटरमां पण नाखी आपो ने. बे दिवस आवी जाओ."

तिकडे चार राउटर आहेत. बघायला हवेत, कुठल्या मॉडेलचे. हात शिवशिवताहेत, खोटं कशाला बोलू.

नाना (फोनवर हात ठेवून त्यांना सांगितल्यावर) : "जाय तू. मी बी येस संगे. बटनपाशी कोनी तरी पाहिजे ना."

मी लगेच हो म्हटलं नाही. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. म्हटलं, "भाई, येते. दोन दिवस येते, चारही करून देते. पण पंचिंग मी घरूनच करणार, १ फेब्रु.नंतरही. आणि हे तुम्ही मला लिहून पाठवायचं."

मनीषभाईंनी एकदा खाकरून घेतलं. मग, "विचारीने कहुं छुं."

आता दुपारचे चार वाजले, अजून काही आलेलं नाही. दोन महिने मी या माणसाच्या एकेका उत्तराची वाट बघून अर्धी झाले होते. आज तो विचार करतोय आणि मी मेथी निवडतेय.